जुन्या गाड्यांच्या नंबर पाट्या : मोल कशावरून ठरवावे?

पांदण (धागाकर्ता)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो आणि शाळेत शिकवतो. आमच्या गावातील एका वयोवृद्ध मिस्त्रींचे मागील वर्षी निधन झाले. त्यांच्या गॅरेजच्या टिनाच्या शेडमध्ये खिळ्यांना अडकवलेल्या बऱ्याच जुन्या नंबर पाट्या होत्या. जागा रिकामी करताना त्यांच्या मुलाने त्या कबाड्याला किलोच्या भावाने देण्याचे ठरवले होते, परंतु मी मध्ये पडलो. "गुरुजी, तुम्ही घेऊन जा, मात्र चांगला भाव आला तर आम्हालाही सांगा," असे तो म्हणाला. त्यामुळे मोल ठरवण्याची जबाबदारी आता माझ्यावर आली आहे आणि मला त्यातले काहीही कळत नाही.

एकूण बारा पाट्या आहेत. सहा पाट्या काळ्या टिनावर पांढऱ्या अक्षरांनी रंगवलेल्या असून त्यांवर 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरे व पुढे चार आकडे आहेत. दोन पाट्यांवर ॲल्युमिनियमची उठावदार अक्षरे रिव्हेटने बसवलेली आहेत. एक पाटी मोटारसायकलच्या पुढील मडगार्डवर उभी बसणारी, विळ्यासारखी वळलेली आहे. दोन पाट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या आहेत, त्यांवर 'एमएच २९' हे देवनागरीत लिहिलेले आहे. राहिलेली एक जाड लोखंडी पाटी 'सी.पी.' (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे इंग्रजी अमलातील मध्य प्रांत) या अक्षरांनी सुरू होते. ती एखाद्या मालगुजाराच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या, मोटारीची असावी, असा माझा अंदाज आहे. यांशिवाय तारेत ओवलेले सायकलचे चार बिल्ले मिळाले आहेत.

नागपूरकडील एका व्यापाऱ्याने फोटो पाहून सर्व मिळून पाच हजार रुपये देऊ केले आहेत. हा भाव योग्य आहे का? विकण्यापूर्वी पाट्या घासून स्वच्छ कराव्यात का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी जावा

पांदण सर, आधी त्या व्यापाऱ्याला आठ दिवस थांबायला सांगा आणि पॉलिश पेपर घरात असेल तर तो शेजाऱ्याकडे ठेवून द्या. घासलेल्या पाटीचे मोल टिनाच्या पत्र्याइतकेच उरते.

मी अमरावतीला जुन्या मोटारसायकली दुरुस्त करतो आणि गेली अठरा वर्षे पाट्याही जमवतो. आपल्याकडे पाटीच्या किमतीचे कोष्टक नाही आणि ते तयार होणेही अवघड आहे. अमेरिकेत पाटी राज्य सरकार देते. अनेक राज्यांत एकेकाळी दरवर्षी नव्या रंगाची, वर्ष छापलेली पाटी मिळत असे. त्यामुळे तेथील संग्राहक एकाच राज्याची सलग वर्षांची मालिका लावतात, आणि अमुक वर्षाची पाटी दुर्मीळ, तमुक वर्षाची विपुल, असे तेथे ठामपणे सांगता येते. तेथील संग्राहकांची संघटना १९५४ पासून चालू आहे. आपल्याकडे परिवहन कार्यालयाने केवळ क्रमांक दिला. पाटी करून घेणे हे मालकाचे काम. गाडीमालक चौकातल्या पेंटरकडे जाऊन 'नंबर टाकून' घेत असे. पाटी हरवली, ठोकर लागली किंवा रंग उडाला की पुन्हा नवीन. म्हणजे आपली प्रत्येक पाटी एकमेव आहे, आणि म्हणूनच तिच्या अस्सलपणाचा पुरावा पाटीवर सापडत नाही, तो पाटीच्या भोवती शोधावा लागतो.

माझ्या हिशेबात पहिला प्रश्न असा असतो, की या पाटीची गाडी कोणती होती, हे कागदाने सिद्ध करता येते का? त्या क्रमांकाचे आर.सी. बुक, विम्याचा कागद, काचेवर लावायचे जुने गोल टॅक्स टोकन, किंवा पाटी दिसेल असा घरचा एखादा फोटो जोडीला असेल, तर त्या जोडीला किंमत आहे. सुटी पाटी मी दीडशे-दोनशे रुपयांच्या वर घेत नाही. याउलट १९६० च्या दशकातील एका जावा गाडीची मडगार्डवरची पाटी, मूळ आर.सी. बुक आणि लग्नाच्या वरातीतला फोटो असा संच मी चार हजार रुपयांना घेतला, आणि तो मला स्वस्त पडला असे मी आजही मानतो.

तुमच्याकडील विळ्यासारखी पाटी जपा. समोरून येणाऱ्याला कापेल अशी ती असते; ब्रिटनमध्ये तर १९७५ पासून दुचाकीला पुढची पाटी लावण्याची सक्ती राहिली नाही. आपल्याकडे बुलेट, जावा, राजदूत यांच्यावर ती बराच काळ दिसत असे, पण मडगार्ड बदलताना पहिली तीच फेकली गेली.

बोंडअळी

दीडशे-दोनशे? दुबईत 'पी ७' ही पाटी २०२३ साली साडेपाच कोटी दिरहमला गेली, अमेरिकेतील डेलावेअर राज्यात नुसत्या '६' क्रमांकाची पाटी २००८ साली पावणेसात लाख डॉलरला गेली, असे मी वाचले आहे. गुरुजींना पाच हजारांत गुंडाळू नका राजेहो.

नाणेघर

बोंडअळी भाऊ, आकडे बरोबर आहेत, पण ते पत्र्याचे मोल नाही. दुबईत काय किंवा डेलावेअरमध्ये काय, विकला गेला तो तो क्रमांक स्वतःच्या गाडीवर लावण्याचा हक्क. पत्रा नवा करून मिळतो. आपल्याकडे पसंतीच्या क्रमांकासाठी परिवहन कार्यालयात जादा शुल्क भरतात, ते याच जातीचे. संग्राहक जे घेतो ते नेमके उलटे असते. हक्क संपलेला असतो आणि केवळ पत्रा उरलेला असतो. या दोन बाजारांचे भाव एकत्र केले, की विकणारा रुसतो आणि घेणारा पळतो.

पत्र्याचे स्वतःचे मोल कसे असते, याचे उदाहरण द्यायचे तर मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०३ साली दिलेल्या पाट्यांचे देता येईल. त्या लोखंडावर निळ्या एनॅमलचा थर देऊन पांढऱ्या आकड्यांनी केलेल्या होत्या. आपल्याकडील जुन्या एनॅमलच्या ताटलीचा टवका उडाला की तेथून जसा गंज धरतो, तसाच तो या पाट्यांनाही धरतो. म्हणून टवका न उडालेली पाटी सहसा मिळत नाही आणि तिला भाव येतो. आणि तुम्ही सोयाबीनवाले आहात म्हणून सांगतो, दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाल्यावर इलिनॉय राज्याने १९४३ पासून काही वर्षे सोयाबीनपासून केलेल्या पुठ्ठ्याच्या पाट्या दिल्या. त्या जनावरे खाऊन टाकत असत. चांगल्या स्थितीत उरलेल्या पाट्या संग्राहक का शोधतात, ते वेगळे सांगायला नको.

बोंडअळी

आमच्या हिंगणघाटकडे पाटी खाऊनही सोयाबीनला हमीभाव मिळाला नसता. असो. मुद्दा समजला.

वैनगंगा

मी भंडाऱ्याची. माझे वडील पेंटर होते. दुकानांचे फलक, शाळेच्या भिंती आणि गाड्यांचे नंबर ही त्यांची रोजची कामे. त्यामुळे 'पाटीवर पुरावा सापडत नाही' हे जुनी जावा यांचे विधान मला अर्धेच पटते. पाटी वाचता आली पाहिजे.

बाबा टिन कापून त्याच्या कडा हातोडीने दुमडत असत, म्हणजे हात कापत नाही आणि पाटी वाऱ्याने फडफडत नाही. त्यावर रेड ऑक्साइडचा एक हात, मग काळ्या ऑइल पेंटचे दोन हात. वाळल्यावर खडूच्या दोऱ्याने दोन आडव्या रेषा मारायच्या आणि अक्षरे त्या दोन रेषांत खारीच्या केसांच्या ब्रशने, एका दमात भरायची. ब्रश मध्येच उचलला तर तिथे सांधा दिसतो. म्हणून खरी हाती लिहिलेली पाटी तिरप्या उजेडात धरली, की अक्षराच्या कडेला रंगाचा किंचित उंचवटा हाताला लागतो आणि काही ठिकाणी खडूच्या रेषेची खूणही सापडते. स्टेन्सिलने किंवा स्टिकरने केलेल्या पाटीला हा उंचवटा नसतो.

दुसरी गोष्ट आकड्यांची. प्रत्येक पेंटरचा एक आकडा त्याच्या सहीसारखा असतो. बाबांचा '४' वर उघडा असे आणि '७' ला ते मधोमध छोटी आडवी रेघ देत असत. तालुक्यातील दहा गाड्या उभ्या केल्या तर कोणता नंबर कोणी टाकला, हे आम्ही भावंडे सांगत असू. पुष्कळ पेंटर पाटीच्या खालच्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत दुकानाचे नावही टाकत. पांदण सर, तुमच्या सहा पाट्यांचे खालचे कोपरे भिंगातून पाहा. एकाच पेंटरच्या असतील तर त्या सुट्या विकू नका. एका गावातील एका हाताचे काम म्हणून त्या एकत्र राहिल्या तरच त्यांना अर्थ आहे.

खोट्या पाट्याही आता येऊ लागल्या आहेत. नवीन टिनावर मिठाचे पाणी मारून उन्हात ठेवले की चार दिवसांत गंज येतो, पण तो सगळीकडे सारखा येतो. खऱ्या पाटीचा गंज वाकड्या कडेत, बोल्टच्या छिद्राभोवती आणि चिखल साचतो त्या खालच्या बाजूला जास्त असतो. छिद्र नीट पाहा. वर्षानुवर्षे हादरे बसलेले छिद्र गोल राहत नाही, ते लांबट होते आणि त्याभोवती वॉशरच्या आकाराची चकचकीत कडी उमटलेली असते. मागची बाजू तर कधीच पुसू नका. तिथे वाळलेली काळी माती, डांबराचे थेंब आणि मडगार्डची सावली, तिन्ही असतात.

जुनी जावा

वैनगंगाताई, तुमच्यापुढे हार मानतो. छिद्राची गोष्ट मला ठाऊक होती, पण खडूच्या रेषेची नव्हती. आज माझ्याकडील सर्व पाट्या उजेडात धरून पाहिल्या आणि दोन पाट्यांबद्दल मन खट्टू झाले.

एका गोष्टीवर मात्र माझे मत वेगळे आहे. गाडी पूर्ण दुरुस्त करून, नवा रंग, नवा क्रोम देऊन उभी केल्यावर तिच्यावर उडालेल्या रंगाची पाटी शोभत नाही. गाडीसोबत पाटीही पुन्हा रंगवणे गैर आहे असे मला वाटत नाही.

वैनगंगा

दादा, गाडीवर रंगवलेली नवी पाटी खुशाल लावा, पण ती नव्या टिनावर लिहा आणि जुनी पाटी आहे तशी गाडीच्या कागदांसोबत कपाटात ठेवा. जुन्या अक्षरांवरून ब्रश फिरवलात तर नवा हात जुन्या हाताला झाकून टाकतो, आणि दोन्हींपैकी कोणाचेच काम उरत नाही. बाबांच्या पाट्यांवर असे झालेले मी पाहिले आहे. जाणीवपूर्वक कोणी करत नाही, हेही कळते.

लिपिकबाबू

मी परिवहन खात्यात कारकून होतो, आता अकोल्याला निवृत्त आयुष्य घालवतो. पेंटरच्या हाताविषयी मला अधिकार नाही. अक्षरे व कागद यांविषयी थोडे सांगतो.

प्रथम, पांदण सरांच्या मालगुजाराविषयी. दारव्हा वऱ्हाडात येतो आणि मालगुजारी ही वऱ्हाडातील पद्धत नव्हे. ती नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या मध्य प्रांतातील जिल्ह्यांत होती व १९५१ साली संपली. वऱ्हाड हा मुळात निजामाचा मुलूख. तो इंग्रजांनी कायमच्या भाडेपट्ट्याने घेऊन १९०३ साली मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला. म्हणून 'सी.पी.' अक्षरांची मोटार यवतमाळला असणे स्वाभाविक आहे, पण तिचा मालक मालगुजार नसून कापसाचा व्यापारी, जिनिंगवाला, वकील किंवा मोठा खातेदार असण्याचा संभव अधिक.

दुसरे, अक्षरांवरून काळ ठरवण्याची घाई करू नये. आपल्या भागाचे छत्र वारंवार बदलले. मध्य प्रांत व वऱ्हाडचे १९५० साली मध्य प्रदेश झाले आणि राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. राज्य बदलले म्हणून धावत्या गाडीचा क्रमांक त्याच दिवशी बदलत नसे. एकदा दिलेले चिन्ह गाडीसोबत वर्षानुवर्षे राही. म्हणून पाटीवरील अक्षरे गाडीची पहिली नोंदणी कोठल्या कारभारात झाली ते सांगतात. पाटी केव्हा रंगवली ते सांगत नाहीत. मिस्त्रींकडील 'सी.पी.' पाटी १९७० साली नव्याने रंगवलेली असू शकते. टवका उडालेल्या जागी खाली आणखी रंगाचे थर दिसतात का, ते पाहावे.

'एमएच' व दोन आकडी कार्यालय क्रमांक ही पद्धत १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आल्यानंतरची. त्यात अमरावती २७, बुलढाणा २८, यवतमाळ २९, अकोला ३०, नागपूर शहर ३१, वर्धा ३२, गडचिरोली ३३, चंद्रपूर ३४, गोंदिया ३५, भंडारा ३६, वाशीम ३७ आणि नागपूर ग्रामीण ४० हे आपणा सर्वांना पाठ आहेत. यातही एक मौज आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे कारंजा किंवा रिसोडच्या माणसाची १९९० सालची गाडी 'एमएच ३०' असते. गाडीचे गाव व पाटीचा जिल्हा जुळत नाहीत म्हणून पाटी खोटी ठरवू नये.

ट्रॉलीच्या देवनागरी पाट्यांविषयी. नियमांप्रमाणे अक्षरे रोमन व आकडे इंग्रजीच असावे लागतात. देवनागरीत रंगवलेला क्रमांक नियमात बसत नाही, तरी आपल्या ग्रामीण भागात तो सर्रास असे. नियमात नसलेली वस्तू कोणी जपून ठेवत नाही, आणि म्हणूनच ती पुढे दुर्मीळ होते. माझे मत विचाराल तर त्या बारांत मी सर्वात आधी त्या दोन उचलीन. ट्रॉलीला ट्रॅक्टरहून वेगळा, स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो, हेही ध्यानात ठेवून त्या ट्रॅक्टरच्या नावावर खपवू नयेत.

काळ्या पाटीविषयी एक खूण. खासगी गाडीची पाटी काळी व अक्षरे पांढरी, ही जुनी पद्धत या शतकाच्या सुरुवातीला बदलली आणि पांढऱ्यावर काळी अक्षरे आली. 'एमएच'ची काळी पाटी म्हणजे बहुधा १९८९ नंतरच्या दहा-बारा वर्षांतील. हा काळ लहान आहे. आज कोणी त्या पाट्यांना विचारत नाही, विचारायला हवे.

आता शेवटचे आणि मला सर्वात महत्त्वाचे वाटणारे. या पाट्यांच्या गाड्यांची नोंदणी रद्द झाली आहे का? गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर कळवून आर.सी. परत करावे, असे कायद्याचे कलम ५५ सांगते. खेड्यात हे क्वचितच कोणी केले. गाडी कबाड्याकडे गेली, क्रमांक मात्र कागदावर जिवंत राहिला. असा जिवंत क्रमांक अनोळखी माणसाच्या हाती पडून दुसऱ्या गाडीवर लागला, तर विचारपूस मूळ मालकाच्या घरी होते. म्हणून विक्रीपूर्वी क्रमांक सरकारच्या संकेतस्थळावर तपासा. जुन्या नोंदी संगणकावर चढलेल्या नसतील तर काही दिसणार नाही, अशा वेळी मूळ मालकाच्या घरी विचारा. घेणाऱ्याकडून लेखी पावती घ्या. आणि या धाग्यावर फोटो टाकताना शेवटचे दोन आकडे झाका.

बोंडअळी

म्हणजे पाटी विकायलाही पंचनामा लागतो. मग या नव्या 'उच्च सुरक्षा' पाट्यांचे काय? तालुक्याला दुचाकीची पाटी बसवून घेतली, ४५० रुपये अधिक जीएसटी. काढलेली जुनी पाटी बसवणाऱ्याने कोपऱ्यातल्या ढिगात फेकली. त्या ढिगात किमान दोनशे पाट्या असतील.

जुनी जावा

हीच खरी चिंता आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही राज्यात नवी पाटी सक्तीची झाल्यावर, तारखा पुढे ढकलत का होईना, हाताने लिहिलेल्या पाट्या गावोगाव एकाच हंगामात उतरल्या. नव्या पाटीवर क्रोमियमचे अशोकचक्र, डाव्या बाजूला निळ्या रंगात 'इंड' आणि लेसरने कोरलेला क्रमांक असतो. ती एकदा बसली की कुलूप तोडल्याशिवाय निघत नाही. चोरीला आळा घालण्यासाठी ती चांगलीच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती भामरागडपासून बुलढाण्यापर्यंत सारखीच दिसते. तुमची जुनी पाटी तुमची आहे भाऊ, ती मागून घरी आणा.

नाणेघर

एक शंका अनेक जण विचारतात, म्हणून इथेच लिहून ठेवतो. जुनी पाटी घेतली म्हणून विंटेज गाडीचा क्रमांक मिळत नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी गाड्यांना विंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क असून क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो. म्हणजे ज्याच्याकडे गाडी, कागद व पाटी तिन्ही आहेत, त्याच्यासाठी पाटी मोलाची. ज्याच्याकडे केवळ पाटी आहे, त्याच्याकडे केवळ पाटी आहे.

आणि कोणी घाबरू नये म्हणून हेही लिहितो, की पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याची मर्यादा सामान्यतः शंभर वर्षांची आहे. मिस्त्रींच्या शेडमधील माल त्यात येण्याची शक्यता नाही.

पांदण सर, आता ते सायकलचे बिल्ले. तुम्ही त्यांना एका ओळीत उरकले, पण माझा जीव त्यांच्यातच अडकला आहे. नगरपालिका सायकलवर कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा बिल्ला देत. त्यावर नगरपालिकेचे नाव, वर्ष व क्रमांक ठोकलेला असे. पाटीच्या उलट हा बिल्ला खुद्द कचेरीने दिलेला असल्याने त्याचा अस्सलपणा ठरवणे सोपे आणि त्याची मालिका लावणेही शक्य. टोकन जमवणारे नाण्यांसारखेच हे बिल्ले जमवतात. मोठ्या शहरांचे मिळतात. आपल्या तालुक्यांच्या ठिकाणचे मिळत नाहीत, कारण कर गेला आणि बिल्ले भांड्यांच्या मोडीत गेले. पितळ चिंचेने उजळू नका. चकाकी येते, पण ठोकलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात.

पांदण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या रविवारी मिस्त्रींच्या मुलाला सोबत घेऊन सर्व पाट्या ओट्यावर मांडल्या आणि तुमच्या सूचनांप्रमाणे एकेक तपासली. जे आढळले ते लिहितो.

सहापैकी चार पाट्या एकाच हाताच्या आहेत. त्यांच्या '२' ची शेपटी वर वळलेली आहे आणि एका पाटीच्या कोपऱ्यात पेंटरच्या दुकानाचे नाव अर्धवट वाचता येते. गावातील म्हाताऱ्यांना दाखवल्यावर त्यांनी पेंटरला लगेच ओळखले. त्यांचा बाजारच्या दिवशी वडाखाली खोका असे. पाचवी पाटी तिरप्या उजेडात सपाट दिसते, अर्थात स्टेन्सिलची. सहावीचे छिद्र गोल गरगरीत असून त्याला वॉशरची खूणच नाही. ती बहुधा लिहून घेऊन कोणी नेलीच नाही. ती मला सर्वात आवडली, का ते सांगता येत नाही.

'सी.पी.' पाटीविषयी लिपिकबाबूंचा अंदाज खरा ठरला. खालच्या टवक्यात काळ्याखाली लाल आणि लालखाली पुन्हा काळा असे थर दिसतात. ती किमान दोनदा रंगवलेली आहे. मिस्त्रींच्या मुलाच्या म्हणण्याप्रमाणे ती एका जिनिंगवाल्याच्या मोटारीची होती, परंतु त्याला कागदाचा आधार नाही. त्यामुळे मी वहीत 'घरच्यांच्या सांगण्यावरून' असेच नोंदवले आहे.

मडगार्डच्या पाटीची गाडी सापडली. शेजारच्या गावात एका घराच्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमागे ती उभी आहे, इंजिन जाम, पण आर.सी. बुक घरात. मालकाच्या मुलाला पाटी दाखवली तेव्हा त्याने ती हातात घेऊन बराच वेळ पालथी-सुलटी केली आणि विकत मागितली. मिस्त्रींच्या मुलाने पैसे घेतले नाहीत. ती पाटी आता आपल्या यादीतून कमी झाली.

उठावदार अक्षरांच्या पाट्यांपैकी एकीची जीप वीस वर्षांपूर्वी मोडीत निघाली होती आणि नोंदणी रद्द केलेली नव्हती. त्या घरच्यांनी परिवहन कार्यालयाला अर्ज देण्याचे मान्य केले आहे. तोपर्यंत ती पाटी माझ्या कपाटात राहील.

व्यापारी काल येऊन गेला. त्याला फक्त उठावदार अक्षरांच्या दोन आणि 'सी.पी.' अशा तीनच पाट्या हव्या होत्या आणि त्यांचेच तो पाच हजार देत होता; बाकीचा माल त्याच्या लेखी फुकट होता. ट्रॉलीच्या पाट्यांकडे त्याने पाहिलेही नाही. व्यवहार झाला नाही.

एक अडचण उरली आहे. चारपैकी एका बिल्ल्यावरील अक्षरे इतकी झिजली आहेत, की भिंगानेही वाचता येत नाहीत. आणि पाट्या ठेवायच्या कशा?

वैनगंगा

पाट्यांना रद्दी गुंडाळू नका, उन्हाळ्यात कागद रंगाला चिकटतो. मऊ प्लास्टिकच्या पिशव्याही नकोत. काही वर्षांनी त्या रंगाला धरतात. धुतलेल्या सुती कापडात एकेक वेगळी गुंडाळून उभी ठेवा. भिंतीवर टांगायच्या असतील तर कूलर असलेल्या खोलीत नको. आपल्याकडे एप्रिल-मे असे दोन महिने त्या खोलीत सतत दमट हवा असते आणि टिनाला पावसाळ्याआधीच गंज लागतो.

नाणेघर

झिजलेल्या बिल्ल्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवा. डोळ्यांना न दिसणारी अक्षरे कागदावर उमटतात.

पांदण

शाळेतील सातवीच्या मुलांकडून आत्ताच करून घेतले. मधोमध '४१७' आणि वरच्या कडेला 'न.पा. दिग्रस' स्पष्ट उमटले. वर्षाच्या जागी मात्र पहिले दोनच आकडे आले, '१९'. उरलेले दोन झिजून गेले आहेत.

नाणेघर

दिग्रस माझ्याकडे नाही. इतर तीन बिल्ल्यांचे आकार व छिद्राची जागा मोजून कळवा. त्यांच्यापैकी एखादा याच साच्यातला निघाला आणि त्याचे वर्ष वाचता आले, तर याचे वर्ष जवळपास ठरवता येईल.